आदला दिवस बाईंचा, दुसरा तात्यांचा

तात्यांचं दुकान वर्षभरात एकच दिवस हटकून बंद असायचं. कॅलेंडरात तो दिवस चारचौघांसारखा काळ्या आकड्यातच छापलेला असे, सुट्टी ना बिट्टी. पण तात्या आदल्या संध्याकाळीच शटरवर पाटी लटकवायचे: 'उद्या मालक जिवंत असल्यामुळे दुकान बंद.' नवं गिऱ्हाईक ती वाचून चक्रावायचं, जुनं हसून पुढे जायचं.

दुकान होतं खुर्च्या-सोफ्यांना नव्या गाद्या आणि नवं कापड बसवून देण्याचं. एका बाजूला सायकलवाला, दुसऱ्या बाजूला औषधांचं दुकान आणि मधे तात्यांची चिंचोळी, खोल गेलेली जागा. आत पाऊल टाकलं की काथ्या, जुना कापूस आणि सरस यांचा मिसळलेला वास नाकात शिरायचा. भिंतीला उलट्या टांगलेल्या खुर्च्या, जमिनीवर पोट फाडून ठेवलेला एखादा सोफा, आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेले तात्या. तोंडात मूठभर बारीक खिळे, म्हणजे चुका. जिभेने एक चूक ओठांपर्यंत ढकलायची, हातोडीच्या चुंबकी टोकाने ती उचलायची आणि ठोकायची. उभा जन्म हेच केलेलं. "हे झोपेत घोरत नाहीत, ठोकतात," असं त्यांची बायको म्हणायची. ती बिचारी आजारपणात गेली, लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, आणि तात्या दुकानावरच्या खोलीत एकटे उरले. तक्रार अशी काही नव्हती. जेवण लेकीकडून यायचं, आणि गप्पा मारायला गिऱ्हाईक होतंच.

तर त्या पाटीची गोष्ट. तात्या तरणेताठे असताना मोठ्या युद्धात सैन्यात होते. एका बेटावर तंबू ठोकून त्यांची पलटण हुकमाची वाट बघत होती. समुद्रापलीकडे शत्रूचा किनारा होता आणि त्यावर उतरायचं होतं, तेही पहिल्या लाटेत. पहिली लाट म्हणजे काय हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं. आधीच्या बेटावर उतरताना त्यांच्या तंबूतला 'उंट' म्हणून ओळखला जाणारा उंच मुलगा शेजारून धावता धावता खाली बसला होता. दम लागला म्हणून बसला असेल असं तात्यांना वाटलं होतं. तो पुन्हा उठला नाही. तेव्हा आता आपलीही पाळी, हे तात्या मनोमन धरून चालले होते. आणि एके दिवशी सकाळी रेडिओवर बातमी आली: शत्रूच्या एका शहरावर असा बॉम्ब टाकलाय की एका बॉम्बमध्ये शहर खलास. पुढे दुसऱ्या शहरावर आणखी एक पडला, युद्ध संपल्याचं जाहीर व्हायला काही दिवस गेले, पण तात्यांच्या लेखी त्या पहिल्या सकाळीच सगळं संपलं. किनाऱ्यावर उतरायची गरज उरली नाही. ते वाळूत उताणे पडले, डब्यातलं गोड फळ बोटांनी खाल्लं आणि ढसाढसा रडले.

तेव्हापासून तो दिवस म्हणजे त्यांचा दुसरा वाढदिवस. दुकान बंद, नवा शर्ट, आणि सगळ्या कुटुंबाला घेऊन नदीकाठच्या खानावळीत जेवण. लेकीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना दोन वाढदिवस असतात. थोडी मोठी झाल्यावर तिने विचारलं होतं, "म्हणजे मीसुद्धा त्या बॉम्बमुळेच?"

"अर्थात! तू, तुझी आई, हे दुकान, हा समोरचा पाव. सगळं."

बाई दुकानात आल्या त्या अशाच एका वर्षी, त्या दिवसाच्या थोडं आधी. चष्म्याच्या मोठ्या दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे नीट बसवून देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आता त्या निवृत्त होत्या आणि विधवा. नवरा जहाजावर इंजिनाचं काम करायचा, त्याच्याशी लग्न करून त्या समुद्रापलीकडून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. नवऱ्याची आवडती आरामखुर्ची त्यांनी हातगाडीवर घालून आणली होती. बसायची जागा पार खचलेली.

तात्यांनी खुर्ची उलटी केली, खालचं कापड टरकावलं, आत हात घालून एक कंगवा, तीन बटणं आणि एक वाळलेली लिंबाची फोड बाहेर काढली. "नवारीचे पट्टे गेलेत. स्प्रिंगा चांगल्या आहेत. होईल."

"गुरुवारी न्यायला येऊ?"

"गुरुवारी नाही. गुरुवारी मी जिवंत आहे."

"आणि बाकीचे दिवस?" बाईंनी विचारलं.

तात्या खूश झाले. अशी गिऱ्हाइकं रोज मिळत नाहीत. त्यांनी तोंडातल्या चुका हातावर काढल्या, बाईंना बसायला बरीशी खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. उंट, रेडिओ, वाळू, फळाचा डबा. ते सांगायचेही छान, वर्षानुवर्षं घासूनपुसून लख्ख केलेलं. बाईंनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्या शहराची बातमी होती ना ती?"

"हो, पहिल्याच."

"माझी आई होती त्या शहरात."

"होती म्हणजे..."

"होती म्हणजे होती," बाई म्हणाल्या, आणि पर्स उचलून उभ्या राहिल्या. "खुर्ची शुक्रवारी नेईन."

तात्यांना वाईट वाटलं असतं तर गोष्ट निराळी. त्यांना आला राग. गुरुवारी खानावळीत त्यांनी माशांचं ताट पुढे ढकललं आणि जावयाला धारेवर धरलं. जावई शाळेत इतिहास शिकवायचा, स्वभावाने गरीब, आणि सासऱ्यांना टरकून असायचा.

"मी काय तिच्या आईवर टाकला? मी तर तंबूत बूट पुसत बसलो होतो!"

"पण तुम्ही टाकला असं त्या म्हणाल्या का, तात्या?"

"नाही म्हणाली, तेच तर!"

जावयाने घसा साफ केला. त्या बॉम्बबद्दल मोठमोठ्या अभ्यासकांचंही अजून एकमत नाही, असं तो जपून सांगू लागला. कुणी म्हणतात, तो नसता तर युद्ध आणखी लांबलं असतं आणि दोन्हीकडची अगणित माणसं गेली असती. कुणी म्हणतात, शत्रू तसाही टेकीला आला होता, बोलणी करता आली असती. आणि नुसता बॉम्बच नाही, त्याच सुमाराला दुसरं एक मोठं सैन्यही त्यांच्यावर चालून गेलं होतं...

"तू मासे खा," तात्या म्हणाले.

शुक्रवारी बाई आल्या नाहीत. शनिवारीही नाहीत. सोमवारी तात्यांनी स्वतःच खुर्ची हातगाडीवर चढवली. बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खुर्ची डोक्यावर घेऊन वर पोचेपर्यंत तात्यांचा श्वास फुलला, आणि भांडायला म्हणून आलेला माणूस दारात धापा टाकत नुसताच उभा राहिला. बाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा ठेवला. खोली लहान पण टापटीप. खिडकीत कुंड्या, टेबलावर चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवायची हत्यारं एका डबीत ओळीने लावलेली.

"बसून बघा," तात्या म्हणाले. बाई खुर्चीत बसल्या, थोड्या मागे रेलल्या आणि त्यांच्या तोंडून नकळत "अहाहा" निघालं. तेवढ्यावर तात्या निघाले असते तरी चाललं असतं. पण ते तात्या होते.

"हे बघा बाई, तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. पण तो बॉम्ब पडला नसता तर तुमची-आमची लाखो माणसं मेली असती."

"मेली असती," बाई म्हणाल्या. "तुमची माणसं सगळी 'असती'मधली आहेत. माझी आई नुसती 'मेली'."

"त्या 'असती'मधला एक तुमच्यासमोर बसलाय की! हा बघा, चहा पितोय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. कप धरलेला तो राकट हात, चहात बुडालेल्या मिश्या. आणि त्यांना हसू आलं. आवरायचा प्रयत्न केला तरी आवरलं नाही. मग त्या गंभीर झाल्या आणि त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांच्या होत्या त्या. विमानं येतात म्हणून शहरातल्या पोरांना बाहेर पाठवत होते, तसं आईने त्यांना डोंगरापलीकडे मामाच्या गावी ठेवलं होतं. आई पोस्टात टपाल वेगळं करायची, तिला रजा नव्हती. त्या सकाळी डोंगराच्या वर आभाळ एकदम पांढरं झालं. मामा आईला शोधायला चालत गेला. परत आला तेव्हा दारातच थांबून त्याने मान हलवली आणि विहिरीवर जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला.

"तुम्ही वाचलात याचा मला आनंद आहे," बाई म्हणाल्या. "अगदी मनापासून. चांगली खुर्ची करता तुम्ही. पण माझी आई जळाली ती त्यासाठीच, आणि ते योग्यच झालं, एवढं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका."

"मग दुसरा उपाय काय होता?"

"मला काय ठाऊक? मी नऊ वर्षांची होते. माझ्या आईलाही कुणी विचारलं नव्हतं."

"मलाही नव्हतं विचारलं," तात्या म्हणाले, आणि हे आपण पहिल्यांदाच बोललो असं त्यांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात खुर्चीचे पट्टे नीट बसलेत ना हे बघायला तात्या पुन्हा तीन जिने चढले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. इतकी देखभाल त्यांनी कुणाच्याच खुर्चीची केली नव्हती. मग बाई दुकानात येऊ लागल्या. त्यांनी तात्यांचा चष्मा काढून घेतला, दोन्ही दांड्या वाकवून पुन्हा नाकावर चढवला, आणि वर्षानुवर्षं तिरकं दिसणारं जग सरळ झालं. बाईंनी आणखी एक गोष्ट हेरली: तोंडात चुका असल्या की तात्यांना उलट बोलता येत नाही. मग मुद्द्याचं काही असलं की त्या नेमकी ती वेळ साधायच्या.

"शहरावरच टाकायला हवा होता का? आधी कुठेतरी समुद्रात टाकून दाखवला असता तर?"

"म्म्म! म्म!" तात्या हातोडी हलवायचे. चुका संपेपर्यंत बाई औषधवाल्याशी बोलायला बाहेर गेलेल्या असायच्या.

या भांडणांचं लग्नात कधी रूपांतर झालं ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. लेकीला मात्र ते पचायला जड गेलं. तिने बाबांना स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, या वयात? आणि त्याही... म्हणजे, तुमचं ते सगळं असताना?"

"माझं कुठलं सगळं?"

"तुमचा दुसरा वाढदिवस! त्या दिवशी तुम्ही काय करणार? बाई घरात रडत बसणार आणि तुम्ही मासे खायला जाणार?"

तात्यांनी टोपी उचलली. ते बाईंकडे गेले आणि लेकीचं बोलणं जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवलं.

"मुलगी हुशार आहे तुमची," बाई म्हणाल्या. "माझा दिवस आधी येतो. तुम्हाला बातमी दुसऱ्या दिवशी कळली. म्हणजे तसे ते दोन वेगळे दिवस आहेत."

"मग?"

"माझ्या दिवशी तुम्ही गप्प बसायचं. तुमच्या दिवशी मी येईन जेवायला. पेला उंचावणार नाही, पण जेवेन."

"दिवसभर गप्प?"

"दिवसभर."

तात्यांनी आयुष्यात एवढा मोठा त्याग केला नव्हता. पण केला. कचेरीत जाऊन दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून सायकलवाला आणि औषधवाला, आणि बाई आरामखुर्चीसकट दुकानावरच्या खोलीत राहायला आल्या.

संसार मजेत चालला. एरवी दोघं एकमेकांना 'तू' म्हणत, भांडण असलं की 'तुम्ही'. खालून हातोडीचा आवाज थांबला आणि वरून 'तुम्ही' ऐकू आलं की सायकलवाला ओळखायचा, आज बॉम्ब निघालाय. बाईंच्या दिवशी तात्या पहाटेच उठून स्वयंपाक करायचे, वाईट करायचे, आणि शपथ घेतल्यासारखे तोंड मिटून राहायचे. बाई खिडकीत बसून आईची उजळणी करायच्या: तिची चाल, तिचा राग, टपालाच्या शाईने काळी झालेली बोटं. विसरू नये म्हणून. पाटी तात्या त्या संध्याकाळी लावत नसत, दुसऱ्या दिवशी सकाळी 'उद्या'चं 'आज' करून लावत. आणि दुसऱ्या दिवशी खानावळीत बाई सगळ्यांपेक्षा जास्त मासे खायच्या. लेक आधी त्यांच्याकडे चोरून बघायची, मग तीही सरावली. त्यांच्यासाठी खिडकीजवळची जागा तीच धरून ठेवू लागली.

जावयाने दोघांना शाळेत बोलावलं तेव्हा तात्यांचा सूर चढा होता. वर्गापुढे ते ऐटीत उभे राहिले, उंटाची, वाळूची गोष्ट सांगितली. पोरं खिळून ऐकत होती. मग बाईंनी डोंगरापलीकडचं पांढरं आभाळ सांगितलं. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"आजोबा, आत्ता कुठेतरी असंच युद्ध चालू असेल आणि असाच बॉम्ब टाकून ते संपवता येत असेल, तर टाकावा का?"

"छे छे! नाही," तात्या म्हणाले. "आताचे तर त्याहून भयंकर."

"त्याच्याएवढाच असला तर?"

"तरी नाही."

"मग तेव्हा का हो?"

तात्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तोंडात चुका नव्हत्या, तरी काही निघेना. जावई मदतीला पुढे सरकला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "कारण तेव्हा तिथे मी होतो, बाळ."

परत येताना बाई या मुद्द्याचं काही करतील अशी त्यांना धास्ती होती. आयतीच संधी होती. पण बाईंनी त्यांच्या कोटाच्या बाहीला लागलेला खडू झटकला आणि वाटेत भाजी घ्यायची आठवण केली. तात्यांना वाटलं, आपण भाग्यवान आहोत.

पुढे बाईंच्या मामेभावाचा निरोप आला. गुडघ्यांनी दगा दिलाय, आता मी तिकडे येणं शक्य नाही, तूच ये, नव्या नवऱ्याला घेऊन. बाईंनी तात्यांना विचारलं. ज्या किनाऱ्यावर मेलो असतो तो बघायला जायचं म्हटल्यावर तात्यांना दुकानातली ढीगभर कामं एकदम आठवली. पण लेक आणि जावई दोघांनी मिळून तिकिटं काढली आणि विषय संपवला.

त्या शहरात पोचल्यावर तात्यांना काय दिसेल असं वाटलं होतं कोण जाणे. दिसल्या त्या ट्राम, दप्तरं घेऊन पळणारी पोरं, दुकानांच्या पाट्या. पोस्टाच्या जागी नवं पोस्ट होतं. बाई आत गेल्या आणि लेकीला पत्र पाठवायला तिकीट विकत घेतलं. तात्या बाहेर टोपी हातात धरून उभे राहिले. कुणीतरी त्यांना ओळखेल, हाच तो, असं म्हणेल, असं त्यांना उगाच वाटत होतं. एका माणसाने त्यांना वेळ विचारली, बस.

मामेभाऊ शहराच्या कडेला राहायचा. जन्मभर त्याने ट्राम चालवली होती. गोल चेहरा, टक्कल, आणि ट्रामच्या घंटेसारखं खणखणीत हसणं. त्याला तात्यांची भाषा येत नव्हती, तात्यांना त्याची. मधे बाई. जेवणं झाल्यावर त्याने तात्यांना युद्धात कुठे होता असं विचारलं. तात्यांनी जपून बेटाचं नाव सांगितलं. मामेभावाने डोळे मोठे केले, टेबलावरची भांडी सरकवली आणि बोटाने किनारा काढला. मी इथे होतो, तो म्हणाला. त्या वेळी सोळाचा. वाळूत खड्डा खणून त्यात बसायचं आणि रणगाडा वर आला की पोटाला बांधलेला दारूगोळा उडवायचा, एवढंच शिक्षण दिलेलं. रोज खड्ड्यात बसून सराव.

तात्यांनी टेबलावरच्या त्या किनाऱ्याकडे बघितलं. त्यांची बोट नेमकी तिथेच लागणार होती असं नाही, पण लागलीही असती.

मग मामेभाऊ बराच वेळ बोलला. हातवारे करून, मधेच छातीवर थाप मारून. बाईंचा चेहरा उतरत गेला. तो थांबला.

"काय म्हणतोय?" तात्यांनी विचारलं.

"म्हणतोय, सुटलो."

"एवढं लांबलचक बोलला आणि तू एका शब्दात उरकलंस?"

बाईंनी ओठ आवळले. मग एका दमात म्हणाल्या, "तो म्हणतोय, तो बॉम्ब पडला म्हणून आपण दोघं या टेबलाशी बसलोय. नाहीतर दोघं एकाच वाळूत गेलो असतो. तो म्हणतोय, जे झालं ते भयंकर झालं, पण झालं म्हणून बरं. झालं समाधान?" आणि लगेच भावाकडे वळून त्याच्या भाषेत काहीतरी कडाडल्या. तात्यांना त्यातला एकच शब्द कळला, कारण तो बाई वर्षातून एकदा खिडकीत बसून पुटपुटायच्या. आई.

मामेभाऊ खाली बघत हळू बोलला.

"तो म्हणतोय, ती माझी आत्या होती, म्हणूनच इतकी वर्षं तुझ्यासमोर हे बोललो नाही. हा माणूस आला म्हणून आज बोललो."

सगळं आयुष्य तात्या ज्या बाजूने भांडले ती बाजू पलीकडच्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाली होती. जिंकलो, असं वाटायला हवं होतं. पण शेजारी बाई ताठ बसल्या होत्या, टेबलावरची त्यांची बोटं रुमालाची घडी घालून पुन्हा मोडत होती, आणि तात्यांना वाटून गेलं, जन्मभर बाईंकडून हरलो तरी चालेल, पण ही जीत नको.

"त्याला सांग," ते म्हणाले, "शहरावरच टाकायला हवा होता का? तिथे पोस्ट होतं, शाळा होत्या. आधी समुद्रात टाकून दाखवला असता तर?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"सांग ना."

आपलाच मुद्दा, शब्दाला शब्द, बाईंनी भावाला भाषांतर करून सांगितला. मामेभावाने टकलावरून हात फिरवला आणि उलट काहीतरी विचारलं. "तो म्हणतोय, आणि ते बघूनही थांबले नसते तर?" बाई म्हणाल्या.

"मग मी मेलो असतो कदाचित. तोही. पण निदान कुणीतरी आधी विचारून बघितलं असतं." तात्यांचा आवाज वर चढला होता. "हे सांग त्याला. मोठ्याने सांग."

त्या दुपारी भांडण चांगलंच रंगलं. बाईंना दोन्हीकडचं बोलावं लागत होतं, एकदा तर त्या भावाचं वाक्य भावालाच ऐकवून बसल्या आणि तिघंही हसत सुटले. शेवट काही लागला नाही. मामेभाऊ आपल्या म्हणण्यावर कायम राहिला. निघताना त्याने तात्यांना मिठी मारली ती मात्र बराच वेळ सोडली नाही, आणि बाईंचा हात आपल्या कपाळाला लावला.

परतीच्या ट्राममध्ये बाई खिडकीशी बसल्या. दोन थांबे गेले.

"आज तू माझी बाजू घेतलीस," त्या शेवटी म्हणाल्या.

"तुझी नाही. त्याच्या विरुद्ध बोललो." तात्या अवघडून म्हणाले. "त्याचं ऐकताना वाटलं, हा किती ठामपणे बोलतो. मी बोलतो तेव्हा असाच वाटतो का?"

"नाही."

"नाही ना?"

"याहून मोठ्याने बोलतोस."

तात्यांचं मत बदललं असं पुढेही कुणी म्हणू शकलं नसतं. आपण वाचलो याचा आनंद त्यांनी लपवला नाही, आणि तो चुकीचा आहे असं बाईंनीही कधी म्हटलं नाही. फक्त 'योग्यच झालं' हा शब्द तात्यांच्या बोलण्यातून गेला. केव्हा गेला ते लेकीच्याच लक्षात आलं, तिने बाईंना हळूच सांगितलं, आणि दोघींनी मिळून ठरवलं की हे त्यांना कळू द्यायचं नाही, नाहीतर ते हट्टाने परत म्हणायला लागतील.

पण ते सगळं पुढचं; आत्ता ट्राम वळणावर कुरकुरली. बाहेर शाळा सुटली होती. बाईंना भूक लागली होती, तसं त्यांनी सांगितलं, आणि दोघं पुढच्या थांब्यावर उतरून कुठे बरं जेवायला मिळेल ते बघत चालू लागले.